नारिंगी बाशिंग

रविवारी पहाटे चांदणी चौकातून पिरंगुटमार्गे ताम्हिणीकडे निघालेल्या दुचाक्यांमध्ये नारिंगी रंग लांबूनच ओळखू येतो. तो केटीएम या ऑस्ट्रियन मोटरसायकल कंपनीचा. पौडला चहासाठी थांबणाऱ्या या केटीएमवाल्यांच्या गप्पांत एक वाक्य आता पक्कं बसलंय : नव्या माणसाने कंपनी वाचवली. नवा माणूस म्हणजे गॉटफ्रीड नॉयमाइस्टर. विमान कंपनी आणि खानपानाचा धंदा पाहिलेला हा गृहस्थ सप्टेंबर २०२४ मध्ये मूळ कंपनीच्या वरिष्ठ पदावर आला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याच्याकडे सगळी सूत्रं गेली. फेब्रुवारीत या दिवाळखोर कंपनीच्या धनकोंनी पुनर्रचनेला होकार दिला आणि लगेच जयजयकार सुरू झाला. त्या वेळी ऑस्ट्रियातल्या मॅटिगहोफेनच्या मुख्य कारखान्यात असेंब्ली बंद होती. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग ही म्हण जुनी आहे, या खेपेला बाशिंगाचा रंग तेवढा नवा.

पुण्याला यात रस असायचं कारण नुसतं हौशी नाही. आकुर्डीच्या बजाज ऑटोने २००७ मध्ये केटीएममध्ये साडेचौदा टक्के हिस्सा घेतला. २०१२ च्या जानेवारीत केटीएमची २०० ड्यूक इथल्या रस्त्यावर आली. २०२३ च्या सुरुवातीला चाकणच्या कारखान्यातून दहा लाखावी केटीएम बाहेर पडली. मे २०२५ पर्यंत कंपनी बुडू नये म्हणून बजाजने एकूण ८० कोटी युरोंची, म्हणजे साडेसात हजार कोटी रुपयांहून अधिक रकमेची सोय केली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ताबाच घेतला. पुण्यातल्या किती घरांत आजोबांनी घेतलेले बजाजचे शेअर अजून डीमॅटमध्ये पडून आहेत, हे सांगायला नको. भोसरी-चाकण पट्ट्यातल्या लहान वर्कशॉपचा मालक, शोरूमचा मालक, हप्त्यावर केटीएमची ३९० घेतलेला हिंजवडीतला पोरगा, या सगळ्यांचा पैसा कुठल्या ना कुठल्या वाटेने मॅटिगहोफेनला जोडलेला आहे. त्यामुळे तिथे कोण काय करतोय हे नीट वाचता येणं ही व्यवहाराची गरज आहे.

आणि नीट वाचायचं तर एक गोष्ट आधी गळी उतरवावी लागते. डबघाईला आलेल्या कंपनीच्या नव्या प्रमुखाच्या पहिल्या वर्षाचे आकडे त्याचे नसतात. चांगले असोत की वाईट, ते त्याच्या आधीच्या माणसाचे असतात, धनकोंचे असतात, थोडेफार सरकारच्या कर-धोरणाचे असतात. त्याची स्वतःची सही असलेले आकडे यायला दोन-तीन वर्षं लागतात. तोवर केलेली स्तुती भलत्याच्याच खात्यावर जमा होते.

केटीएमचं दुखणं काय होतं? विक्री पडली हे अर्धंच उत्तर. २०११ मध्ये सुमारे ८१ हजार गाड्या विकणारी ही मंडळी २०२३ मध्ये ३ लाख ८१ हजारांवर गेली. कंपनीच्या वहीत गाडी ‘विकली’ जाते ती डीलरकडे रवाना झाली की. गिऱ्हाईकाने ती नेली की नाही, हा पुढचा प्रश्न. करोनानंतर युरोप-अमेरिकेत दुचाक्यांना जी उकळी फुटली होती ती व्याजदर चढल्यावर बसली, पण कारखान्याचा वेग तेवढा उतरला नाही. २०२४ संपताना जगभरच्या डीलरांकडे आणि कंपनीच्या गोदामांत मिळून अडीच लाखांहून अधिक गाड्या उभ्या होत्या. जवळजवळ वर्षभराचं उत्पादन. त्यात १ जानेवारी २०२५ पासून युरोपात उत्सर्जनाचे नवे निकष लागू होणार होते, म्हणजे जुन्या निकषांच्या गाड्या लवकर खपवणं भाग. २९ नोव्हेंबर २०२४ ला कंपनीने न्यायालयात दिवाळखोरीखालच्या पुनर्रचनेचा अर्ज केला आणि १३ डिसेंबरला उत्पादन थांबवलं.

आता साठ्याचं गणित बघा. चाहत्यांची सगळ्यात मोठी फसगत इथेच होते.

समजा एका देशात महिन्याला १०० गाड्या खरोखर गिऱ्हाईकाच्या घरी जातात. डीलरांकडे वर्षभराचा, म्हणजे १२०० गाड्यांचा साठा आहे. तो चार महिन्यांवर, म्हणजे ४०० वर आणायचा. वर्षात १२०० गाड्या विकल्या जाणार, शेवटी ४०० उरायला हव्यात, तर कारखान्याने त्या वर्षात पाठवायच्या फक्त ४००. ठीक. पुढच्या वर्षी साठा ४०० वरच ठेवायचा आहे, त्यामुळे जेवढ्या विकल्या तेवढ्या पाठवायच्या : १२००. कंपनीच्या वहीत पहिल्या वर्षी ४०० आणि दुसऱ्या वर्षी १२००. तिप्पट विक्री! मथळे येणार, गटांमध्ये फटाके फुटणार. गिऱ्हाईक मात्र दोन्ही वर्षी महिन्याला शंभरच होतं. एकाही जास्तीच्या माणसाने गाडी घेतलेली नाही. हा आलेख वर न्यायला कुणी हुशार प्रमुख लागत नाही. साठा उपसायचं थांबलं की तो आपोआप वर जातो.

दुसरी फसगत नफ्याची. २५ फेब्रुवारी २०२५ ला धनकोंनी ३० टक्क्यांवर तडजोड मान्य केली. शंभर रुपये येणं होतं, त्याचे तीस मिळणार, सत्तरावर पाणी. त्यासाठी ५४.८ कोटी युरो मे महिन्यात जमा करायचे होते आणि ती सोय बजाजच्या मदतीने झाली. हे तीस टक्के असतील तर उरलेले सत्तर टक्के होतात सुमारे १२८ कोटी युरो. हिशेबाच्या नियमांप्रमाणे माफ झालेलं देणं हे उत्पन्न धरलं जातं. त्यामुळे २०२५ च्या पहिल्या सहामाहीत, कारखाना बहुतेक काळ बंद असताना, ताळेबंदात शंभर कोटी युरोंहून जास्त पुनर्रचनेचा लाभ दिसतो. ‘सहा महिन्यांत कंपनी नफ्यात’ हे वाक्य अक्षरशः खरं, आणि गिऱ्हाईकाच्या दृष्टीने त्याला काडीचा अर्थ नाही. तो नफा ऑस्ट्रियातल्या कुठल्या तरी नट-बोल्टवाल्याच्या, वेल्डिंगवाल्याच्या वहीत तोटा म्हणून बसलाय.

हा नट-बोल्टवाला पुढे काय करतो, तेही बघायला हवं. ज्याचे शंभरातले सत्तर बुडाले तो पुढचा माल उधारीवर देत नाही. पैसे आधी टाका म्हणतो, निदान माल उतरताना तरी द्या म्हणतो. पूर्वी साठ-नव्वद दिवसांच्या उधारीवर फिरणारा धंदा एकदम रोखीवर आला की खेळतं भांडवल कितीतरी जास्त लागतं. मोटरसायकलमध्ये शेकड्यांनी सुटे भाग असतात. त्यातला एक, समजा वायरिंगचा हार्नेस किंवा मागच्या ब्रेकची नळी, आला नाही तरी लाइन थांबते. ९९ टक्के भाग हजर असून गाडी शून्य टक्के तयार. १७ मार्च २०२५ ला मॅटिगहोफेनला उत्पादन पुन्हा सुरू झालं, पण भाग मिळेनात म्हणून एप्रिलअखेर परत बंद पडलं, ते जुलैअखेरीस एका शिफ्टमध्ये चालू झालं. मार्चमध्ये ‘कारखाना सुरू, संकट संपलं’ म्हणणाऱ्यांनी मे महिन्यात काय म्हटलं? बहुतेकांनी काहीच नाही. आपल्याकडे लघुउद्योगाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे चुकते करायचा नियम आहे, तो मोडला तर तेवढा खर्च त्या वर्षी करातून वजा मिळत नाही. तरीही थकलेल्या बिलांचं दुखणं भोसरीत कुणालाही विचारा. नवा साहेब कसा आहे, हे त्याच्या भाषणापेक्षा पुरवठादाराला कितव्या दिवशी पैसे मिळाले यावरून कळतं.

तिसरी गोष्ट गाड्यांची, आणि इथे चाहता भावनेने सगळ्यात जास्त वाहवतो. जानेवारी २०२५ च्या अखेरीस नवी ३९० अ‍ॅडव्हेंचर भारतात आली. गाडीचं कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. पण नव्या इंजिनाची, नव्या सांगाड्याची गाडी कागदावरच्या रेघेपासून शोरूमपर्यंत यायला साधारण तीन ते चार वर्षं लागतात : आराखडा, नमुने, साचे, हजारो किलोमीटरच्या चाचण्या, मग प्रमाणपत्रं. म्हणजे ही गाडी ज्याने मंजूर केली तो जुनाच माणूस. नॉयमाइस्टरांनी स्वतः पहिल्या दिवशी मंजूर केलेली गाडी २०२८ च्या आसपास बघायला मिळेल. तीच गोष्ट डाकार रॅली या लांब पल्ल्याच्या वाळवंटी शर्यतीची. जानेवारी २०२५ मध्ये डॅनियल सँडर्सने केटीएमवर डाकार जिंकली, कंपनी न्यायालयात असताना. ‘बघा, दम आहे’ म्हणून तो विजय मिरवला गेला. दम होताच, पण तो आधीच्या काही वर्षांत खर्च केलेल्या पैशांचा. उलट नवा प्रमुख संशोधनाच्या खर्चाला आज कात्री लावील तर त्याचं फळ नफ्यात आजच दिसेल आणि नुकसान चार वर्षांनी, जेव्हा शेजारच्या शोरूममध्ये नवी गाडी असेल आणि इथे जुन्याच गाडीला नवे स्टिकर.

भारतातल्या विक्रीचं तर आणखी वेगळं. २०२५ च्या एप्रिलमध्ये १२५ ड्यूक बंद झाली, ऑगस्टमध्ये १६० ड्यूक आली. २२ सप्टेंबरला जीएसटी बदलला. ३५० सीसीपर्यंतच्या दुचाक्यांवरचा कर २८ वरून १८ टक्के, त्यावरच्या गाड्यांचा सेससह ३१ वरून ४०. ३९० चं इंजिन तेव्हा ३९९ सीसीचं, म्हणजे ती वरच्या खणात गेली. १६०, २०० आणि २५० खालच्या खणात. त्यानंतर लहान ड्यूक जास्त खपल्या तर त्याचं श्रेय दिल्लीतल्या कर परिषदेला आणि ३९० अडकली तर त्याचाही दोष तिकडेच. मॅटिगहोफेनच्या खुर्चीत कुणीही बसलेलं असतं तरी हे झालंच असतं. आणि बजाजचे भागधारक असाल तर एवढं ध्यानात ठेवा की ताबा मिळाल्यापासून केटीएमची उलाढाल बजाजच्या एकत्रित हिशेबात मिसळते, त्यामुळे एकत्रित उलाढालीची उडी आणि धंद्याची वाढ यांची गल्लत करायची नाही. बजाजचा स्वतंत्र ताळेबंद वेगळा छापलेला असतो, दोन पानं मागे-पुढे.

स्तुती करणाऱ्यांची स्मरणशक्ती तोकडी असते, ही तक्रार मात्र मनापासूनची आहे. केटीएम १९९१ मध्येही दिवाळखोरीत गेली होती. पुढच्या वर्षी मोटरसायकलचा भाग विकत घेऊन ती उभी करणारे श्टेफान पीरर, म्हणजेच नॉयमाइस्टरांच्या आधीचे प्रमुख. तीस वर्षं त्यांना तारणहार म्हटलं गेलं आणि त्यात खोटं काही नव्हतं, कंपनी खरंच वाढली. पण दर वर्षी विक्रम, विक्रम म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांतल्या किती जणांनी डीलरच्या मागच्या अंगणात उभ्या असलेल्या गाड्या मोजल्या? ७९०-८९० या मोठ्या गाड्यांच्या इंजिनातल्या कॅमशाफ्टच्या झिजेबद्दल मालक ओरडत होते, तेव्हा ‘तेल वेळेवर बदलत नसणार’ म्हणून त्यांनाच गप्प करणारे कोण होते? चाहतेच. कंपनीला धोक्याची घंटा फुकटात ऐकू येत होती. ती वाजवणाऱ्याला ‘विकून टाक आणि स्प्लेंडर घे’ असं सांगणाऱ्यांनी कंपनीचंच नुकसान केलं. हीच माणसं आता नव्या नावाचा जप करताहेत.

चाहत्यांचा अंदाज उलट्या बाजूनेही चुकतो. ६ ऑगस्ट १९९७ ला बॉस्टनमध्ये अ‍ॅपलच्या भक्तांच्या मेळाव्यात स्टीव्ह जॉब्सनी मायक्रोसॉफ्टची १५ कोटी डॉलरची गुंतवणूक जाहीर केली आणि पडद्यावर बिल गेट्स दिसले, तेव्हा सभागृहाने हुर्यो उडवली. बुडत्या कंपनीला सावरणारा निर्णय भक्तांना द्रोह वाटला. उलट चिप बनवणाऱ्या इंटेलमध्ये जानेवारी २०२१ मध्ये पॅट गेल्सिंगर प्रमुख म्हणून येणार असं जाहीर झाल्यावर, ‘अखेर एक इंजिनिअर आला’ म्हणून आनंदीआनंद झाला, शेअर त्याच दिवशी चढला. डिसेंबर २०२४ मध्ये ते बाहेर पडले आणि त्या वर्षीचा तोटा जवळपास १,९०० कोटी डॉलरचा. त्यांचं चुकलं की नाही, हेही आज सांगता येत नाही, कारण चिपचा कारखाना उभारून चालवायला जेवढी वर्षं लागतात तेवढी त्यांना मिळालीच नाहीत. घाईची निंदा घाईच्या स्तुतीइतकीच पोकळ.

हे सगळं परदेशी म्हणून सोडून द्यायचं असेल तर आपली पीएमपी घ्या. २००७ मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या बससेवा एकत्र करून कंपनी झाली, तूट दोन महापालिकांनी ६०-४० वाटून घ्यायची. तेव्हापासून अध्यक्ष किती झाले ते बोटांवर मोजून संपत नाहीत. २०१७ च्या मार्चअखेर तुकाराम मुंढे आले, फेब्रुवारी २०१८ मध्ये गेले. पुरतं एक वर्षही नाही, तरी त्यांच्या नावावर शहरात दोन तट पडले ते आजही आहेत. एक म्हणतो त्यांनी पीएमपी सुधारली असती, दुसरा म्हणतो बिघडवली असती. दोघांकडेही पुरावा शून्य, कारण अकरा महिन्यांत नवी बस खरेदीची निविदासुद्धा धड पुरी होत नाही. लेटलतीफांना दंड, वेळापत्रकाची शिस्त, हे पहिल्या महिन्यात करता येतं आणि ते दिसतंही. पण स्वारगेटच्या थांब्यावर पाऊण तास उभं राहणाऱ्याला रोज रस्त्यावर किती बस आल्या, त्यातल्या किती वाटेत बंद पडल्या आणि सीएनजीचं बिल किती महिने थकलंय, या तीन आकड्यांशीच देणंघेणं असतं. नव्या साहेबाचा सत्कार करणारे हार घेऊन जातात, हे तीन आकडे मागायला कुणी जात नाही.

चाहत्यांच्या बाजूने बोलायचं तर एक मुद्दा खरा आहे. दिवाळखोरीत गेलेल्या वाहन कंपनीला सगळ्यात आधी मारते ती भीती : सुटे भाग मिळतील का, वॉरंटी पाळतील का, दुसऱ्याला विकताना भाव मिळेल का. गिऱ्हाईक बिचकलं की विक्री पडते आणि भीती आपोआप खरी होते. अशा वेळी निष्ठावंत गिऱ्हाईक गाडी घेत राहिलं तर कंपनीला श्वास घ्यायला वेळ मिळतो. हे मान्यच. पण तो श्वास गाडी विकत घेतल्याने मिळतो. नव्या साहेबाला देवघरात बसवल्याने मिळत नाही. गाडी आवडते म्हणून घ्यावी, तिच्यावर जीव लावावा, आणि साहेबाकडे संशयाने बघावं. या तिन्ही गोष्टी एका माणसाला एकाच वेळी जमू शकतात. नवऱ्याच्या गावचं कौतुक करत सासूवर नजर ठेवणं पुण्यात काही नवं नाही.

निष्ठेचा उपयोगच करायचा असेल तर चाहत्यांच्या गटांकडे असलेली एक गोष्ट कुठल्याही विश्लेषकाकडे नाही, ती म्हणजे शेकडो मालकांच्या दुरुस्तीच्या तारखा. गटात एक साधी शीट ठेवावी. भागाचं नाव (फोर्क सील, क्लच प्लेट, रेडिएटर, मीटरचा डिस्प्ले), सर्व्हिस सेंटरने ऑर्डर टाकल्याची तारीख, भाग हातात आल्याची तारीख, वॉरंटीत बसला की पैसे घेतले. पन्नास नोंदी झाल्या की सरासरी काढण्यापेक्षा सगळ्यात जास्त दिवस लागलेले दहा भाग बघावेत, कारण गाडी त्या दहांसाठी उभी राहते. दर तीन महिन्यांनी हाच आकडा पुन्हा काढायचा. तो चाळीस दिवसांवरून पंधरावर आला तर कारखान्याची पुरवठासाखळी खरंच जुळतेय, मग साहेबाचं नाव कौतुकाने घ्यायला हरकत नाही. जागेवरच राहिला तर पत्रकार परिषद कितीही देखणी होवो. आणि विक्री बघायचीच असेल तर कंपनी महिन्याच्या सुरुवातीला जाहीर करते तो आकडा डीलरला पाठवलेल्या गाड्यांचा असतो. परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवरचा नोंदणीचा आकडा गिऱ्हाईकाच्या घरी गेलेल्या गाड्यांचा. निर्यात वगळून दोन्ही शेजारी-शेजारी लिहावेत. सहा महिने पहिला दुसऱ्यापेक्षा मोठा राहिला तर साठा परत तुंबतोय, मग खुर्चीत नवा माणूस असो की जुना.

एवढा खटाटोप नको असेल तर गाडी घेताना एक करावं. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. तोच महिना बुकिंगआधी चासी नंबरसकट सेल्समनकडून लिहून घ्यावा. चाकणहून सातारा रस्त्यावरच्या शोरूमपर्यंत यायला ट्रकला, नाशिक फाट्याची कोंडी धरूनसुद्धा, अर्धा दिवस पुरतो. तुमच्या गाडीला आठ महिने लागले असतील, तर एवढे दिवस ही कुठे उभी होती, असं शांतपणे विचारावं.